शिगम्याच्या आठवड्यातला ईस्टर आणि न भाजलेले केक पॉप

२०२४ साली होळी, म्हणजे आमच्या गोव्यातला शिगमो, आणि ईस्टर एकाच आठवड्यात आले. सोमवारी २५ मार्चला धुळवड, शुक्रवारी २९ ला गुड फ्रायडे आणि रविवारी ३१ ला ईस्टर. असं काही वर्षांनी होतच असतं. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येते, तिच्यानंतरचा पहिला रविवार ईस्टरचा. फाल्गुनातली पौर्णिमा २१ मार्चच्या पलीकडे सरकली की होळीमागोमाग ईस्टर आलाच. २०२१ मध्ये तसं झालं होतं, आणि २०२७ मध्येही होळीची पौर्णिमा २२ मार्चला आणि ईस्टर २८ ला आहे. एरवी मध्ये पाडवा होऊन जातो आणि चैत्रातल्या पौर्णिमेनंतर ईस्टर येतो.

बार्देशात, म्हापशापासून जवळच, आमच्या वाड्यावर हिंदू आणि ख्रिश्चन घरं एकमेकांना लागून आहेत. चवथीला आमच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, शेजारच्या आंटींकडे जातात, नाताळात त्यांच्याकडून दोदोल आणि बिबिंक ही नारळाच्या रसातली गोडं येतात. वसंतातल्या सणांना मात्र अशी ठरलेली देवाणघेवाण आमच्याकडे नव्हती. त्या वर्षी दोन्ही सण एकाच आठवड्यात आल्यामुळे माझ्या मुलीने आणि तिच्या चुलत भावाने हट्टच धरला, की आपण काहीतरी एकच गोड करून दोन्हीकडे वाटूया. आणि काय करायचं तेही त्यांनीच ठरवलं होतं: केक पॉप. काडीवर लावलेला केकचा छोटा गोळा, वरून चॉकलेटचं कवच. अमेरिकेत २००८ च्या सुमारास हा प्रकार घरोघर पोचला आणि २०११ मध्ये स्टारबक्सने तो आपल्या दुकानांत ठेवला. मुलांनी तो पणजीत एका वाढदिवसाला खाल्ला होता.

मला कल्पना आवडली, पण आमच्या घरच्या अटी वेगळ्या होत्या. माझे दीर शिगम्याच्या मेळात, म्हणजे वाजवणाऱ्या-नाचणाऱ्यांच्या पथकात, ढोल वाजवतात. मांडावर, म्हणजे मेळ जमतो त्या गावच्या पवित्र जागेवर, नारळ ठेवल्यापासून शिगमो संपेपर्यंत ते पूर्ण शिवराक, म्हणजे शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. म्हणजे पदार्थ बिनअंड्याचा हवा. दुसरं, घरात ओव्हन नाही. तिसरी अट हवामानाची, आणि सगळ्यात अवघड तीच निघाली. मार्चअखेरीला आमच्या स्वयंपाकघरात दुपारी पारा ३३ पर्यंत जातो, हवेत दमटपणा भरपूर, आणि चॉकलेटला या दोन्ही गोष्टी मानवत नाहीत. बहुतेक कृती थंड देशांतल्या किंवा वातानुकूलित स्वयंपाकघरातल्या असतात. त्यांत 'खोलीच्या तापमानाला ठेवा' असं लिहिलेलं असतं, तेव्हा ती खोली २० अंशांची असते. आमच्या खोलीच्या हिशेबाने बरंच काही बदलावं लागलं. ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण किनारपट्टीवर राहणाऱ्या कुणालाही त्याचा उपयोग होईल.

केक पॉपचा पाया म्हणजे केकचा चुरा आणि तो धरून ठेवण्यापुरतं क्रीम. बेकरीतून साधा स्पंज आणला तर भाजणं टळतं, पण अंड्याचा प्रश्न राहतो. बिनअंड्याचा केक मिळतो, तरी तो मुळात ओलसर असतो आणि आमच्या हवेत त्याचा चुरा दुसऱ्या दिवशीच आंबूस लागतो. म्हणून मी मॅरी बिस्किटं घेतली. ती कोरडी असतात, फार गोड नसतात, आणि ओल शोषून घेऊन तासाभरात केकसारखी मऊ होतात. ग्लुकोज बिस्किटंही चालतील, पण वरचं चॉकलेट गोड, आत कंडेन्स्ड मिल्क गोड, त्यात बिस्किटही गोड झालं तर लहान मुलंसुद्धा अर्धवट खाऊन ठेवतात.

साधारण चोवीस-पंचवीस नगांसाठी माझं प्रमाण असं होतं: मॅरी बिस्किटं २५० ग्रॅम, कोरडं भाजलेलं खोबरं ५० ग्रॅम, काजूगर ५० ग्रॅम, बिनसाखरेची कोको पावडर दोन मोठे चमचे, वितळवलेलं लोणी ३० ग्रॅम, चिमूटभर मीठ, आणि कंडेन्स्ड मिल्क १५० ग्रॅमच्या आसपास. शेवटच्या आकड्यावर विसंबू नये. सुरुवातीला १०० ग्रॅम घालावं आणि पुढे चमच्याचमच्याने वाढवावं, कारण बिस्किटाचा पुडा किती दिवस उघडा होता यावरही ते अवलंबून असतं. मीठ मात्र टाळू नये. कोको आणि काजू दोन्हीची चव त्याने वर येते.

खोबऱ्यावरून घरात चर्चा झाली. दुकानातलं सुकं किसलेलं खोबरं वापरायचा माझा विचार होता. सासूबाई म्हणाल्या, "परसात माड असताना पाकिटातलं खोबरं? वासच येत नाही त्याला." त्यांचं बरोबर होतं. पण ओल्या खोबऱ्यात जवळजवळ निम्मं पाणीच असतं, आणि ते तसंच गोळ्यात गेलं असतं तर या उकाड्यात गोड दुसऱ्या दिवशीच खराब झालं असतं. मग आम्ही मधला मार्ग काढला. नारळ खवला, खवताना करवंटीजवळचा काळपट भाग येऊ दिला नाही, आणि ते खोबरं जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर परतत ठेवलं. वाफ येणं थांबलं आणि उलथन्याखाली खसखस आवाज यायला लागला तेव्हा उतरवलं. रंग बदलू द्यायचा नाही, नुसतं कोरडं करायचं. हे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं आणि कढईजवळून त्या हलल्या नाहीत. त्या खोबऱ्याचा वास गोळ्यात शेवटपर्यंत टिकला. पाकिटातल्या खोबऱ्याने ते कधीच झालं नसतं, हे आता मी ठामपणे सांगू शकते.

काजू आमच्याकडे हंगामातलेच होते. मार्च-एप्रिल म्हणजे काजूच्या बोंडांचे आणि त्यांच्या रसाच्या दारूचे, हुर्राकचे, दिवस. काजू थोडे शेकून तांदळाएवढे बारीक कापले. याहून मोठा तुकडा राहिला तर गोळ्याला तिथे चीर जाते, आणि वरच्या चॉकलेटलाही तिथूनच जाते.

बिस्किटं मिक्सरवर फिरवताना अर्धी अगदी बारीक केली आणि अर्धी रव्यासारखी जाडसर ठेवली. सगळीच पीठ झाली तर आतला गोळा चिवट, चॉकलेटच्या वडीसारखा लागतो. थोडा जाडसर चुरा असला तर चावताना केकचा आभास होतो. कोरडं सगळं एकत्र करून त्यात लोणी चोळलं, मग कंडेन्स्ड मिल्क. मुलांनी दोन्ही हातांनी कालवलं. लगेच गोळे करायला घेऊ नये, पंधरा मिनिटं झाकून ठेवावं. सुरुवातीला सैल वाटणारं मिश्रण तेवढ्या वेळात बिस्किटांनी ओल पिऊन घट्ट होतं. मग मुठीत दाबून बघायचं. मूठ उघडल्यावर गोळ्याला चिरा नकोत आणि तळहाताला काही चिकटून राहायला नको. बेसनाचा लाडू वळणाऱ्या हाताला हे सांगावं लागत नाही. सासूबाईंनी एकदाच दाबलं आणि "अजून एक चमचा दूध घाल" म्हणाल्या. तेवढंच कमी होतं.

गोळ्याचं वजन २० ते २२ ग्रॅम. यासाठी मी वजनकाटा वापरला आणि मुलांनाही वापरायला लावला. अंदाजाने वळले की हळूहळू मोठे होत जातात, आणि ३० ग्रॅमचा गोळा काडीवर उलटा धरला की आपल्याच भाराने खाली सरकतो. तळहातावर आधी घट्ट दाबायचा, आतली हवा जाऊ द्यायची, आणि मग हलक्या हाताने फिरवून गुळगुळीत करायचा. माझ्या मुलीने वळलेले गोळे इतके एकसारखे होते की मी काटा तिच्याकडेच सोपवला. ताट झाकून फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवलं. फ्रीझरमध्ये नाही. त्याचं कारण पुढे येतं.

आता चॉकलेट. इथे निवडीचा प्रश्न आहे आणि गोव्यासारख्या ठिकाणी तो नीट समजून घ्यायला हवा. खऱ्या चॉकलेटमध्ये कोको बटर असतं, आणि ते साधारण ३४ अंशांना वितळतं. म्हणून तर ते तोंडात विरघळतं. पण ते चकचकीत आणि कडक व्हायला त्याला ठराविक तापमानांतून न्यावं लागतं: काळं चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवायचं, २७-२८ पर्यंत खाली आणायचं, पुन्हा ३१-३२ ला न्यायचं. ३३ अंशांच्या स्वयंपाकघरात ते २७ वर येणार कसं, आणि आलं तरी तिथे टिकणार कसं? कंपाउंड चॉकलेटमध्ये कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते. ते नुसतं वितळवून वापरलं तरी घट्ट होतं, या सगळ्या उस्तवारीची गरज पडत नाही, आणि हातात लगेच मऊ पडत नाही. चवीला ते खऱ्या चॉकलेटच्या खालचं आहे, हे मान्यच. पण अंगणात, उन्हात, ढोलताशांच्या गडबडीत मुलांच्या हातात द्यायचं गोड असेल तर कंपाउंडच योग्य. चवीची भरपाई आतल्या खोबऱ्या-काजूने होते. पाकिटावरचं साहित्य वाचून घ्यावं. पहिल्या दोन-तीन नावांत कोको बटरऐवजी वनस्पती चरबी लिहिलेली असली की ते कंपाउंड.

मी ३०० ग्रॅम काळं आणि १५० ग्रॅम पांढरं कंपाउंड आणलं. एवढं चॉकलेट गोळ्यांना लागत नाही, प्रत्येकाला आठ-दहा ग्रॅमच लागतं. पण गोळा पूर्ण बुडायला खोली हवी, म्हणून जास्त वितळवावं लागतं. उरलेलं पुन्हा थिजवून ठेवता येतं.

वितळवताना आंटी आमच्याकडे होत्या. त्या ईस्टरसाठी दरवर्षी माजपांवची, म्हणजे सुक्यामेव्याच्या वाटणाची आणि साखरेची, अंडी करतात. आपल्याकडे ते बदामाऐवजी काजूचं असतं, रबराच्या साच्यात दाबून काढलेलं. त्यांचा साखरेच्या पाकावरचा आणि गोडावरचा हात फार जुना. पातेल्यात दोन बोटं पाणी तापवून मी वर काचेचा वाडगा ठेवला, वाडग्याचा तळ पाण्याला लागू दिला नाही, आणि पाण्याला वाफ येताच गॅस बंद केला. मुलगी चमचा धुऊन तसाच घेऊन आली, तेव्हा आंटींनी तिचा हात वरच्या वर धरला. "बाये, उदकाचो एक थेंबो लेगीत नाका." पाण्याचा एक थेंबसुद्धा नको, म्हणाल्या, आणि पदराने, म्हणजे त्यांच्या झग्याच्या टोकाने, चमचा कोरडा करून दिला.

त्या थेंबाचं कारण असं. चॉकलेट म्हणजे चरबीत तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे सुके कण. थोडंसं पाणी पडलं की साखर ते ओढून घेते, कण एकमेकांना चिकटतात, आणि क्षणापूर्वी वाहणारं चॉकलेट दाणेदार गोळा होऊन बसतं. मग त्यात गरम दूध घालून सॉस करता येतो, पण कवच करता येत नाही. त्यामुळे वाडगा, चमचा, हात, सगळं कोरडं. वाडगा पातेल्यावरून उचलला की त्याचं बूड आधी फडक्याने पुसायचं, कारण ओतताना तिथलं पाणी ओघळतं. आपल्या दमट हवेत झाकणही ठेवू नये, आतल्या बाजूला पाणी धरतं. पांढरं चॉकलेट आणखी नाजूक, त्यात दुधाची भुकटी असते आणि ती पटकन लागते. गॅस बंद केल्यावरच्या वाफेवरच ते वितळवावं.

दाट वाटलं तर पातळ करायला दूध किंवा पाणी नाही, तेल घालायचं. ३०० ग्रॅमला एक छोटा चमचा खोबरेल पुरे झालं. खाण्याचं, ताज्या घाण्याचं. पण इथेही गोव्याचा हिशेब वेगळा. खोबरेल २४ अंशांच्या वर पातळच असतं, म्हणजे मार्चमध्ये आमच्या बाटलीत ते कायम पातळ. थंड देशात दोन-तीन चमचे घातले तरी कवच घट्ट राहील, आपल्याकडे राहणार नाही.

आता बुडवणं. वितळवलेलं चॉकलेट रुंद वाडग्यात न ठेवता एका उंच, निमुळत्या स्टीलच्या पेल्यात ओतलं. आधी काडीचं टोक अर्धा इंच चॉकलेटमध्ये बुडवून गोळ्यात अर्ध्यापर्यंत खुपसलं. पलीकडून बाहेर येता कामा नये. हे चॉकलेट आत थिजलं की काडी आणि गोळा एकमेकांना धरतात. मुलांनी सगळ्या गोळ्यांना काड्या लावल्या आणि ताट पुन्हा दहा मिनिटं फ्रीजमध्ये गेलं.

मग एकेक गोळा सरळ खाली, काडीला चॉकलेट लागेपर्यंत, आणि तसाच सरळ वर. आत फिरवायचा नाही. फिरवला की काडी सैल होते आणि गोळा पेल्याच्या तळाशी राहतो. वर काढल्यावर डाव्या हातात काडी तिरपी धरायची आणि उजव्या हाताच्या बोटांनी आपल्याच डाव्या मनगटावर टिचक्या मारायच्या. जास्तीचं चॉकलेट गोळ्याच्या एका बाजूने गोळा होत खाली येतं, थेंब लांब होतो आणि पेल्यात पडतो. काडी सावकाश फिरवत राहायची, म्हणजे सगळीकडे सारखा थर बसतो. काडी जिथे आत जाते तिथे चॉकलेटची कड पूर्ण बंद झाली आहे ना, हे बघायचं. तिथे सुईएवढं भोक राहिलं तरी आतलं लोणी त्यातून बाहेर येतं आणि काडीवर पिवळा ओघळ दिसतो.

काही गोळ्यांना पाच मिनिटांत उभ्या चिरा गेल्या. फ्रीजच्या मागच्या भिंतीला लागून ठेवलेले होते तेवढेच. आतला गोळा फार थंड असेल तर कोमट चॉकलेट त्याच्यावर लगेच आकसून घट्ट होतं, मग खोलीच्या उष्णतेने गोळा फुगायला लागतो आणि कवच तडकतं. फ्रीझर वापरायचा नाही तो यासाठी. बाकीचे गोळे मी फ्रीजमधून काढून पाचेक मिनिटं बाहेर ठेवले, चॉकलेटही बोटाला कोमट लागेल इतकं निवू दिलं, आणि पुढे एकालाही चीर गेली नाही. एका वेळी सहा-सातच बाहेर काढावे. सगळं ताट बाहेर ठेवलं तर शेवटचे गोळे मऊ पडून काडीवरून उतरतात. तडकलेल्यांवर पांढऱ्या चॉकलेटच्या रेघा ओढल्या, आणि मुलांना तेच सगळ्यात छान वाटले.

काड्यांबद्दल थोडं. दुकानात लॉलीपॉपच्या कागदी काड्या मिळतात, चार इंची आणि सहा इंची. चार इंची पुरतात. पुतण्याने माडाच्या हिरांच्या काड्या करून बघितल्या. कल्पना सुंदर होती, पण हीर फार बारीक, गोळा तिच्यावर गरागरा फिरतो. बांबूच्या काड्या सगळ्यात चांगल्या ठरल्या, आणि त्याचं कारण स्टँड.

बुडवलेले पॉप घट्ट होईपर्यंत उभे कशात रोवायचे, हा प्रश्न होता. सगळीकडे थर्माकोल सांगतात. आमच्या परसात घड उतरवलेली केळ पडलेली होती. दिरांनी तिच्या बुंध्याचा हातभर तुकडा कापून दिला, खालून सपाट केला आणि वरची दोन सोपटं सोलून काढली. बुंधा आतून थंड असतो, काडी त्यात घट्ट बसते, आणि एका रांगेत दहा-बारा पॉप सहज राहतात. केळीचा चीक कपड्याला लागला तर डाग कधीच जात नाही, म्हणून त्याला प्लास्टिकचा कागद गुंडाळला आणि काड्या कागदातूनच टोचल्या. पण कागदी काडीचं टोक बुंध्यातल्या पाण्याने मऊ पडतं आणि पॉप हळूहळू कलतो. बांबूला काही होत नाही. गुलाबी, पिवळे, तपकिरी गोळे लावलेला तो केळीचा खांब ओट्यावर ठेवला तेव्हा वाड्यावरची सगळी मुलं दारात जमली होती. पुढच्या वेळी विकतचा स्टँड आणायचा विचारही माझ्या मनात येणार नाही.

गुलाबी आणि पिवळा रंग पांढऱ्या चॉकलेटला. इथेही पाण्याचा नियम लागू आहे. केकसाठी वापरतो ते द्रवरूप किंवा जेल रंग पाण्यातले असतात, त्यांनी चॉकलेट दाणेदार होतं. तेलातले किंवा भुकटीचे रंग हवेत. मी बिटाची भुकटी खोबरेलात कालवून घातली, तिने फिकट गुलाबी रंग आला. पिवळ्यासाठी चिमूटभर हळद. एवढ्याने हळदीची चव लागत नाही. पिवळ्या गोळ्यांची मुलांनी कोंबडीची पिल्लं केली, ईस्टरसाठी: काळ्या तिळांचे डोळे आणि काजूच्या कणीची चोच. तीळ चिमट्याने, चॉकलेट ओलं असतानाच लावावे लागतात. थर घट्ट व्हायला दोन-तीन मिनिटंच मिळतात, म्हणून एकाने बुडवायचं आणि दुसऱ्याने लगेच सजवायचं. गुलाबी गोळे शिगम्याच्या फेट्यांचे, असं पुतण्याने ठरवलं आणि त्यांच्यावर भाजलेलं खोबरं भुरभुरलं.

आंटींनी हे सगळं बघितलं आणि घरी जाऊन बाथचा मोठा तुकडा घेऊन आल्या. बाथ म्हणजे रवा आणि नारळाचा केक, त्यात अंडं असतं. नाताळात त्या तो पूर्वी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीत भाजून घ्यायच्या, आता घरीच करतात. "याचे पण करून बघ," म्हणाल्या. कुस्करून बघितलं तर त्याला बांधायला जवळपास काहीच लागलं नाही. नारळाचं तेल आणि ओल मुळातच होती, चमचाभर लोणी पुरलं. पांढऱ्या चॉकलेटच्या कवचात तो इतका छान लागला की माझ्या मते चवीला पहिला नंबर त्याचाच. रव्याचा कण दाताखाली येतो, मग नारळ येतो, आणि चॉकलेट शेवटी. हे अंड्याचे, म्हणून त्यांचा डबा वेगळा, पेला वेगळा, आणि ओळख म्हणून प्रत्येकावर माजपांवचं एक छोटं फूल. हे गोळे सगळ्यात शेवटी बुडवले, म्हणजे शिवराक चॉकलेटला ते लागले नाहीत. सण एकत्र करायचे तर दुसऱ्याच्या नेमाची एवढी काळजी घ्यायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं, आणि आंटींना ते सांगावंही लागलं नाही. पेला त्यांनीच घरून आणला होता.

ठेवण्याबद्दल सांगते, कारण आमच्या हवेत निम्मं काम इथेच बिघडतं. फ्रीजमधून उघडे पॉप बाहेर काढले की दोन मिनिटांत त्यांच्यावर घामासारखे थेंब येतात. ते पाणी चॉकलेटमधली साखर विरघळवतं, वाळल्यावर पांढरट डाग राहतात, आणि बिटाचा रंग ओघळतो. म्हणून फ्रीजमध्ये जाताना ते हवाबंद डब्यात, आणि बाहेर काढल्यावर डबा अर्धा तास उघडायचा नाही. थेंब डब्याच्या बाहेरच्या बाजूला येतात, ते पुसायचे, मग झाकण काढायचं. मुलांना हा अर्धा तास फार जड गेला. असे ठेवलेले बिस्किटाचे पॉप फ्रीजमध्ये चार दिवस चांगले राहिले. बाथचे दोन दिवसांत संपवावे.

शनिवारी, पंचमीला, शिवराक डबा मेळाच्या मांडावर गेला. रोमटाची, म्हणजे शिगम्याच्या मिरवणुकीची, मंडळी उन्हातून 'ओस्सय'चा घोष करत घामाघूम होऊन आली होती. ताकाचे पेले आधी संपले आणि मग हे. दिरांनी काडीवरचा गोळा एका घासात तोंडात टाकला आणि ढोलाचा पट्टा गळ्यातून न काढताच दुसरा मागितला. सावलीत तासभर राहिलेले पॉप हातात घेतल्यावर बोटांना फारसे लागले नाहीत, हे मी मुद्दाम बघत होते. उन्हात राहिलेल्या ताटातले मात्र मऊ पडले. कंपाउंडलाही मर्यादा आहेच.

ईस्टरच्या सकाळी चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, आटोपून लोक परतले तेव्हा पिल्लांचा आणि बाथचा डबा मुलांनी आंटींकडे नेऊन दिला. "देव बरें करूं" असे आभार मानत त्यांनी तो घेतला आणि आमच्या डब्यात माजपांवची अंडी भरून परत दिला. पाडव्याला सासूबाईंनीच विचारलं, "ते काडीवरचे करणार ना?" पाडव्याला मी कोकोऐवजी वेलची घातली आणि बांधायला कंडेन्स्ड मिल्कच्या जोडीला थोडा माडाच्या गुळाचा घट्ट पाक घेतला. चव खोल येते, पण गूळ हवेतली ओल ओढतो, त्यामुळे ते त्याच दिवशी खावे लागतात.

मे महिन्यात आंटींच्या नातवाचं फर्स्ट कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याचा सोहळा, होतं आणि त्यांनी साठ नग मागितले. उकाडा आणखी वाढला होता, म्हणून गोळा १५ ग्रॅमचा केला, साहित्य पावणेदोन पट घेतलं आणि कवचासाठी ७०० ग्रॅम पांढरं कंपाउंड आणलं. खोबरेल अजिबात घातलं नाही. वळणं संध्याकाळी, बुडवणं रात्री दहानंतर. डबे हॉलवर नेताना नव्या थर्माकोलच्या खोक्यात खाली बर्फाच्या बंद पिशव्या, त्यांच्यावर जाड टॉवेल आणि मग डबे ठेवले. जेवणाच्या आधी अर्धा तास खोकं उघडून डबे बाहेर काढले, झाकणं तशीच ठेवली. केळीचा बुंधा या वेळी आंटींच्या परसातला होता.